रानवाटेच्या शर्यती : आधी मोजणी, मग पदके





डांबरी रस्ता सोडून शेताचे बांध, माळ, टेकडी आणि पाऊलवाटांवरून धावण्याच्या लहान-लहान शर्यती अलीकडे आपल्या इंदूरच्या आसपासही होऊ लागल्या आहेत. मुले त्यांना ‘ट्रेल रन’ म्हणतात. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्यामुळे आमच्या तोंडी आधी ‘पगडंडी’ हाच शब्द येतो. पण या लेखापुरते आपण त्यांना रानवाटेच्या शर्यती म्हणू. शंभर-दीडशे धावणारे, भरवणारे एखादे युवक मंडळ नाहीतर धावण्याची हौस असलेले पाच-सहा मित्र, शेवटी पोहे-जिलेबी आणि दुपारच्या आत सगळे घरी, असे त्यांचे स्वरूप असते. आपल्या शाळेच्या वरच्या वर्गांतील मुले-मुली त्यांत भाग घेऊ लागली आहेत आणि त्याबरोबर पालकांची पत्रेही आमच्या टेबलावर येऊ लागली आहेत. काही पत्रांत परवानगी मागितलेली असते, तर काहींत ‘शाळेने मुलांना अशा ठिकाणी पाठवूच नये’ असा आग्रह असतो. विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय ठेवला आहे. त्याआधी आमचे मत सर्वांपुढे मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मत थोडक्यात असे. मुलांना या शर्यतींपासून रोखू नये. मात्र जेथे निघालेल्यांची आणि परतलेल्यांची मोजणी होत नाही, त्या शर्यतीत आपल्या शाळेचे एकही मूल धावू नये. आणि नुसते दुसऱ्यांना नियम सांगण्यापेक्षा, शाळेने स्वतः एक लहानशी शर्यत नीट भरवून दाखवावी.

रोखू नये असे आम्ही का म्हणतो, ते आधी सांगतो. मैदानावर नेहमी मागे राहणारी मुले रानवाटेवर पुढे येताना आम्ही पाहिली आहेत. तेथे नुसता वेग पुरत नाही. पाऊल कोठे टाकावे, चढावर दम कसा राखावा, उतारावर अंग कसे सावरावे याला डोके लागते. शिवाय आपली मुले भूगोलाच्या पुस्तकात विंध्य पर्वत रंगवतात, पण सिमरोल-महूच्या पुढे माळव्याचे पठार एकदम निमाडकडे कसे उतरते, हे त्यांतील फारच थोड्यांनी पायी जाऊन पाहिले आहे. त्या धारेच्या एका अंगाचे पाणी चंबळेतून यमुनेला जाते आणि दुसऱ्या अंगाचे चोरल नदीतून नर्मदेला. हे ज्याने धापा टाकत उभे राहून पाहिले, त्याला पुन्हा पाठ करावे लागणार नाही. पुष्कळ मुलांचा सारा दिवस शाळा, शिकवणी आणि मोबाईल यांतच संपतो. त्यांना रविवारी सकाळी कोणी रानात नेत असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

आता पालकांची भीती. ती खोटी नाही. गेल्या हिवाळ्यात शहराबाहेर झालेल्या अशाच एका शर्यतीत आपल्या शाळेची नववीतील एक विद्यार्थिनी धावत होती. आयोजकांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. जेथे दोन वाटा फुटतात तेथे चुन्याची खूण केलेली होती. पण सकाळी चरायला निघालेली गुरे तिच्यावरून गेली आणि खूण पुसली गेली. त्या फाट्यावर माणूस उभा नव्हता. मुलगी उजवीकडे वळायची ती डावीकडे गेली. इकडे बक्षीस समारंभ सुरू झाला. तिच्या आईने जाऊन विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, “ताई, सगळे आले आहेत. ती घरी गेली असेल.” घरी नेणारी आई तर समोरच उभी होती! सव्वा तासाने एका शेतकरी दादाने तिला ट्रॅक्टरवर बसवून आणून सोडले. गुडघा खरचटला होता, एवढेच. पण आयोजकांजवळ किती जण निघाले याचा कागदच नव्हता. पदके मोजून आणलेली होती. धावणारी मुले मोजलेली नव्हती.

येथेच सुधारणेचे मूळ आहे, असे आमचे ठाम मत झाले आहे. लहान शर्यतींत सुधारणा म्हटली, की लोक मोठी कमान, टी-शर्ट, ध्वनिवर्धक, पाहुणे यांचा विचार करतात. यांतले काहीही नसले तरी शर्यत उत्तम होऊ शकते. मोजणी नसेल, तर यांतले सगळे असूनही ती शर्यत धोक्याचीच आहे.

इंग्लंडच्या उत्तरेकडील लेक डिस्ट्रिक्ट भागात डोंगरावरच्या लहान शर्यतींची फार जुनी परंपरा आहे. तेथील धावणाऱ्यांची ‘फेल रनर्स असोसिएशन’ ही संस्था १९७० मध्ये स्थापन झाली. या शर्यतींचा डामडौल काही नसतो. एखाद्या शेतात तंबू, एक टेबल, चहा. पण प्रत्येक धावणाऱ्याचा हिशेब ठेवणे हे आयोजकाचे पहिले कर्तव्य मानले जाते, आणि मध्येच शर्यत सोडणाऱ्यानेही परत येऊन नोंद केलीच पाहिजे असा दंडक आहे. इतकी परंपरा असूनही २०१२ च्या एप्रिलमध्ये तेथील एका शर्यतीत थंडी-वाऱ्यात एक धावपटू मरण पावला आणि तो परतलेला नाही हे वेळीच लक्षात आले नाही. जेथे हा दंडक आहे तेथे अशी चूक होऊ शकते, तर जेथे कागदच नाही तेथे काय होईल?

आणि हे शिकायला इंग्लंडपर्यंत जायला हवे असेही नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात लाखो माणसे आळंदीहून पंढरपूरला पायी जातात. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो आणि चालण्याची जागा ठरलेली असते. संध्याकाळी तळावर समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतात आणि सारा समाज शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तेथे जाऊन ऐकून घेतात. हरवले-सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते. हा सगळा कारभार संगणकाच्या कितीतरी आधीपासून चालत आलेला आहे. ज्यांच्या घराण्यांत वारी आहे, त्यांना शंभर मुलांची मोजणी अवघड का वाटावी?

मोजणी कशी करावी, ते आता तपशिलाने लिहितो. कारण चूक तपशिलातच होते.

समजा, १२० जणांनी नावे दिली. सकाळी सगळे येत नाहीत. म्हणून नोंदणीच्या यादीवर विसंबून चालत नाही. सुरुवातीच्या रेषेमागे दोन बांबू रोवावेत आणि त्यांच्यामधून एकेकाला आत सोडावे. दोन माणसांनी वेगवेगळे मोजावे. एकाचे ११३ आणि दुसऱ्याचे ११२ आले, तर पुन्हा मोजावे; आकडा जुळल्याशिवाय शिटी वाजवू नये. वाटेतील प्रत्येक चौकीवर क्रमांकांचा छापील कागद असावा आणि जो जाईल त्याच्या क्रमांकावर खूण करावी. सर्वांच्या मागून एक जबाबदार मोठा माणूस चालत यावा. तो एखाद्या चौकीवर पोहोचला, की त्याच्यापुढे ती चौकी मिटवावी. ज्याला मध्येच सोडायचे असेल त्याने आपली क्रमांकाची चिठ्ठी चौकीवर द्यावी. न सांगता घरी जाणाऱ्याला पुढच्या वर्षी प्रवेश नाही, हे आधीच सांगून ठेवावे. शेवटच्या रेषेवर येणाऱ्यांच्या चिठ्ठ्या आल्या क्रमाने दोऱ्यात ओवाव्यात. म्हणजे निकालही तयार आणि हिशेबही तयार. ११३ निघाले, १०९ पोहोचले, ४ जणांनी सोडले, जुळले. न जुळल्यास चौक्यांचे कागद सांगतात, की अमुक क्रमांक दुसऱ्या चौकीवर दिसला पण तिसऱ्यावर दिसला नाही. मग शोध सगळ्या रानात घ्यावा लागत नाही, तेवढ्या तुकड्यात घेतला की पुरे.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम : हिशेब जुळेपर्यंत बक्षीस समारंभ सुरू होणार नाही. प्रमुख पाहुणे कितीही घाईत असोत.

मोजणीनंतर वाटेवरच्या खुणा. चुना दवाने विरतो आणि खुरांनी पुसला जातो, म्हणून त्याच्या जोडीला रंगीत कापडी पट्ट्या झाडाला नाहीतर काठीला डोळ्यांच्या उंचीवर बांधाव्यात. सगळ्या पट्ट्या वाटेच्या एकाच हाताला असाव्यात. फाट्याच्या थोडे आधी एक, फाट्यावर एक आणि वळल्यावर लगेच दिसेल अशी आणखी एक, म्हणजे धावणाऱ्याला आपण बरोबर आलो याची खात्री पटते. चुकीच्या वाटेवर चुन्याची आडवी रेघ ओढून ती बंद करावी. आदल्या संध्याकाळी बांधलेल्या पट्ट्या पहाटे पुन्हा कोणीतरी फिरून पाहाव्यात, कारण रात्रीतून काही जातात, काही पोरे खेळायला नेतात. आणि एवढे करूनही प्रत्येक फाट्यावर शिटी व पाणी घेऊन एक मोठा माणूस आणि त्याच्यासोबत एक विद्यार्थी उभा असलाच पाहिजे. मोबाईलवर भिस्त ठेवू नये. घळीत उतरले की रेंज जाते. वाट ठरवताना आयोजकाने ती किमान दोनदा स्वतः चालून पाहावी. काठ नसलेली विहीर, काटेरी तार, मधमाश्यांचे पोळे, बांधलेले नसलेले कुत्रे या गोष्टी नकाशावर दिसत नाहीत.

हवामानाचा विचार तर आपल्याकडे होतच नाही. २२ मे २०२१ रोजी चीनमधील कान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. १७२ जण धावत होते. अचानक गारा, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. अंगावर हलके कपडे असलेले धावपटू अशा उंच भागात अडकले, की जेथे मदतीची गाडी पोहोचू शकत नव्हती. २१ जणांचा मृत्यू झाला. अडकलेल्यांपैकी सहा जणांना एका मेंढपाळाने गुहेत आसरा देऊन, शेकोटी पेटवून वाचवले. आपली शर्यत शंभर किलोमीटरची नाही आणि माळव्यात तशी थंडीही नाही. पण धडा आपल्यालाही लागू आहे. चौकीपर्यंत गाडी पोहोचते का, हवा बिघडली तर शर्यत थांबवण्याचा अधिकार कोणाला, याचे उत्तर आदल्या दिवशी लिहून ठेवलेले असावे. आणि रानात राहणारा माणूस आपल्या सगळ्या योजनेपेक्षा जास्त जाणतो, हेही त्यातून शिकावे.

आपल्याकडचा धोका पाण्याचा आहे. १७ जुलै २०११ रोजी पातालपाणी येथे सहलीला गेलेल्या कुटुंबाभोवती वरच्या बाजूच्या पावसाने पाहता पाहता पूर आला. वाहून गेलेल्या पाच जणांपैकी तिघे दगावले. ही गोष्ट इंदुरात आजही कोणी विसरलेले नाही. म्हणून पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागेल अशी शर्यत नकोच. ऐन उन्हाळ्यातही नको. डिसेंबर-जानेवारी हाच आपला योग्य काळ. सूर्योदय सातच्या सुमारास होतो. साडेसातला सुरुवात करावी, म्हणजे अंधारात कोणी ठेचकाळत नाही. मात्र या दिवसांतही मावठा पडला, की काळी माती बुटाला अशी चिकटते की पाय उचलवत नाही. अशा वेळी शर्यत एक आठवडा पुढे ढकलण्यात कमीपणा नाही.

औषधोपचाराचे थोडक्यात सांगतो. रानवाटेवर सर्वांत जास्त मुरगळतात ते घोटे, म्हणून क्रेप बँडेज आणि बर्फ हवेच. दमा, फिट येणे यांसारखा आजार असेल, तर नोंदणीच्या वेळी तो लिहून घ्यावा आणि चौकीवाल्यांना सांगावा. उन्हाने कोणी भोवळून पडला आणि अंग तापलेले असेल, तर पाण्याने अंग गार करायला तेथेच सुरुवात करावी, रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. सर्पदंश झालाच, तर जखम कापणे, चोखणे, घट्ट बांधणे यांतले काहीही करू नये. चालू न देता सरळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या गाडीने, हे आधी ठरलेले असावे. १०८ क्रमांक सर्वांना माहीत असतो. पण गाडी नेमकी कोणत्या वाटेने आत येईल, हे सांगता येणारा माणूस पक्क्या रस्त्यावर उभा करायला लोक विसरतात.

अंतराबाबतही संयम हवा. राष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धेत १६ वर्षांखालील मुला-मुलींना २ किलोमीटर धावायचे असते. १८ वर्षांखालील मुलांना ६ आणि मुलींना ४. देशातील निवडक मुलांसाठी ही अंतरे पुरेशी मानली जातात. मग बारा-तेरा वर्षांच्या मुलाला दहा किलोमीटरच्या गटात घालून वृत्तपत्रात फोटो छापून आणण्यात कोणता पराक्रम?

ज्या जमिनीवरून धावायचे ती आपली नसते, हेही ध्यानात ठेवावे. शर्यतीच्या दिवसांत शेतात गहू-हरभरा उभा असतो. प्रत्येक बांधाच्या मालकाला स्वतः जाऊन भेटावे, माळवीत चार शब्द बोलावेत, दिवस आणि वेळ सांगावी. वाट वनविभागाच्या हद्दीतून जात असेल, तर लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. रालामंडल हे तर अभयारण्यच आहे, आणि चोरल-महूच्या रानात बिबट्याचा वावर असतो. पाण्यासाठी स्टीलचे पेले ठेवावेत, नाहीतर प्रत्येकाने आपली बाटली आणावी. एकदा वापरून फेकायचे प्लॅस्टिकचे पेले १ जुलै २०२२ पासून देशभर बंदच आहेत. स्वच्छतेत देशात पहिला येण्याचा मान मिरवणाऱ्या शहरातल्या लोकांनी शेजारच्या गावात कचरा टाकून यावे, हे शोभत नाही. शर्यत संपल्यावर सगळ्या पट्ट्या सोडून आणाव्यात. दुसऱ्या वर्षी त्या शेतकऱ्याने स्वतःहून ‘या’ म्हटले, तर शर्यत चांगली झाली असे समजावे.

यावर दोन आक्षेप आम्हांला ऐकू येतात. पहिला असा, की हौशी मंडळांकडे एवढे मनुष्यबळ आणि पैसा कोठून येणार? इतके नियम लावले तर उत्साहच मरेल. आम्हांला हे पटत नाही. वर सांगितलेल्यांपैकी बांबू, कागद, दोरा, कापडी पट्ट्या, शिट्ट्या यांना फार खर्च येत नाही. रुग्णवाहिकेला येतो, तो टी-शर्ट आणि ध्वनिवर्धक यांच्या खर्चातून काढावा. माणसे कमी असतील, तर धावणाऱ्यांची संख्या कमी करावी. वीस माणसांत तीनशेची शर्यत भरवण्यापेक्षा ऐंशीची भरवणे शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप असा, की पालकांकडून हमीपत्र घेतले म्हणजे झाले. हमीपत्र अवश्य घ्यावे. पण हरवलेले मूल कागदावरच्या सहीने सापडत नाही. पालक सही करतात ती आयोजकांवर विश्वास ठेवून. आपली जबाबदारी झटकून टाकण्याची मुभा म्हणून नव्हे.

सारासार विचार करून विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवत आहोत. एक, बाहेरच्या शर्यतीत शाळेच्या नावाने मुले पाठवण्यापूर्वी आयोजकांकडून पाच प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत : मोजणी कशी करणार, फाट्यांवर कोण उभे राहणार, रुग्णवाहिका कोठे असेल, जमिनीची परवानगी आहे काय, आणि मुलांचे अंतर किती. उत्तरे समाधानकारक नसतील, तर शाळेची परवानगी नाही. दोन, येत्या डिसेंबरमधील एका रविवारी शाळेने स्वतःची रानवाट शर्यत भरवावी. १६ वर्षांखालील मुला-मुलींना २ किलोमीटर, त्यावरील विद्यार्थ्यांना ४, पालक व माजी विद्यार्थ्यांना ६, आणि एकूण धावणारे १२० पेक्षा जास्त नाहीत. तीन, शर्यत संपल्यावर आठवड्याभरात बैठक घेऊन काय चुकले, काय चुकता चुकता राहिले, हे एका वहीत लिहावे आणि ती वही कोणत्याही मंडळाला पाहायला खुली ठेवावी. लहान आयोजकांना आज गरज आहे ती दुसऱ्याच्या अनुभवाची. प्रत्येक जण पहिल्यापासून सुरुवात करतो आणि त्याच त्या चुका करतो.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी सगळेच धावणार नाहीत आणि सगळ्यांनी धावावे असेही नाही. वाट मोजणे, नकाशा काढणे, पट्ट्या शिवणे, चौकीवर खुणा करणे, दोऱ्यात चिठ्ठ्या ओवणे ही कामेही शर्यतीचाच भाग आहेत, आणि ती करणाऱ्यांची नावे निकालाच्या फलकावर विजेत्यांच्या बरोबरीने लिहिली जातील. गणिताच्या तासाला बेरीज चुकली तर एक गुण जातो. तिसऱ्या चौकीवर चुकली तर काय होऊ शकते, हे तुम्ही वर वाचलेच आहे.

पालकांपैकी ज्यांना चौकीवर उभे राहता येईल, ज्यांच्याकडे जीपसारखी गाडी आहे, जे डॉक्टर किंवा परिचारिका आहेत, ज्यांची सिमरोल-महू बाजूला शेती किंवा ओळख आहे, त्यांनी आपली नावे कार्यालयात लिहून द्यावीत. आजी-आजोबांनीही मागे राहू नये. नोंदणीच्या टेबलावर त्यांच्याइतके काटेकोर कोणी बसत नाही. वरील प्रस्तावाविरुद्ध ज्यांचे मत असेल, त्यांनी तेही स्पष्ट लिहून द्यावे. बैठकीत सगळी पत्रे वाचली जातील.

आपला,
प्राचार्य